चंद्रावर भाजी लावू, पण देठं कुठे टाकायची?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की चंद्रावर किंवा मंगळावर माणसांना कायमचं राहायचं असेल तर हवा, पाणी आणि अन्न तिथल्या तिथे फिरत राहायला हवं, आणि ते फिरवायचं काम शेवटी जिवंत गोष्टींकडेच द्यावं लागणार. त्यावर खूप पत्रं आणि मेसेज आले, एकदोन रागावलेलेसुद्धा. सगळ्यांना वेगळं उत्तर देणं जमणार नाही, म्हणून एकासारखे एक प्रश्न एकत्र केलेत आणि या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न : ताई, स्पेस स्टेशनवर लघवीचं पाणी करून पितात असं वाचलं. मग पाणी आणि हवेचा प्रश्न मशीननेच सुटला की. त्यात झाडं आणि बॅक्टेरिया कशाला घुसवायचे? (एक वाचक, नाशिक)

हो, पितात, आणि ते पाणी आपल्या नळाच्या पाण्याइतकंच स्वच्छ असतं. लघवी कमी दाबाखाली तापवून तिची वाफ करतात, ती थंड करतात, शिवाय घामाची आणि श्वासातली वाफ हवेतून गोळा करतात, मग सगळं एकत्र गाळून शुद्ध करतात. २०२३ मध्ये नासाने जाहीर केलं की या पद्धतीने ९८ टक्के पाणी परत मिळवता आलं. मला स्वतःला ही फार मोठी गोष्ट वाटते. ऑक्सिजनसुद्धा पाणी विजेने फोडून तयार करतात.

पण पुढचं बघा. पाणी फोडल्यावर उरलेला हायड्रोजन आणि माणसांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून पुन्हा थोडं पाणी करतात, त्यात मिथेन तयार होतो आणि तो बाहेर अवकाशात सोडून देतात. म्हणजे कार्बन गेला. आणि कार्बन म्हणजेच अन्न. तुम्ही भाकरीतून जो कार्बन खाल्ला तोच श्वासातून बाहेर टाकला आणि तो खिडकीबाहेर घालवला, तर पुढची भाकरी खालूनच पाठवायला लागणार. शौचाचं तर विचारूच नका, ते डब्यात बंद करून मालवाहू यानात भरतात आणि ते यान परत येताना वातावरणात जळून जातं.

४०० किलोमीटरवरच्या स्पेस स्टेशनवर हे चालतं कारण रसद पोचवणारी यानं सतत जात-येत असतात. मंगळाची एक फेरी साधारण अडीच-तीन वर्षांची. एका माणसाला रोज पाणी सोडून नुसतं कोरडं अन्नच सहाशे ग्रॅमच्या वर लागतं, म्हणजे चार माणसांना तीन वर्षांसाठी अडीच टनांपेक्षा जास्त, पॅकिंग धरलेलंच नाही. आणि तिथे कायम वस्ती करायची म्हटली तर मग हिशोबच करायला नको. मशीन पाणी साफ करेल, हवा साफ करेल, पण कार्बन डायऑक्साइडचा भात करणारं मशीन एकच आहे, ते म्हणजे हिरवं पान.

प्रश्न : ताई, मी बारावीत आहे. इस्रोने अंतराळात चवळी उगवली तेव्हा आमच्या वर्गात वाद झाला होता. एका माणसाला श्वास घ्यायला किती झाडं लागतील याचा सरळ आकडा आहे का? (एक विद्यार्थिनी, कऱ्हाड)

आकडा आहे गं, आणि ऐकून तुला वाटेल बस, एवढंच?

आधी चवळीचं. ३० डिसेंबर २०२४ ला इस्रोचं पीएसएलव्ही सी-६० रॉकेट गेलं, त्याचा शेवटचा टप्पा कक्षेतच ठेवून त्यावर प्रयोग केले, त्यात एका बंद डबीत चवळीचे ८ दाणे होते. चार दिवसांत मोड आले, नंतर पानंही फुटली. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला स्पेस स्टेशनवर गेले तेव्हा धारवाडच्या शास्त्रज्ञांनी दिलेले मूग आणि मेथी सोबत होते, तिथेही मोड आले. आपल्या घरातलीच कडधान्यं आहेत ही, म्हणून मला त्याचं जास्त कौतुक वाटलं. पण मोड येणं म्हणजे दाण्यातलीच साठवलेली शिदोरी वापरणं. खरी परीक्षा त्यानंतर.

श्वासाचा हिशोब रशियनांनी फार लवकर, माणूस बसवून केला. १९६१ मध्ये येव्हगेनी शेपेलेव्ह नावाचा डॉक्टर मॉस्कोत एका बंद स्टीलच्या खोलीत २४ तास बसला, सोबत फक्त क्लोरेला हे हिरवं शेवाळ, आणि त्या शेवाळाच्या ऑक्सिजनवर तो जगला. मग सैबेरियात क्रास्नोयार्स्कला बायोस-३ नावाची जमिनीखालची बंद वसाहत बांधली, १९७२ मध्ये ती तयार झाली, तिथे दिसून आलं की ८ चौरस मीटर क्लोरेलाला नीट उजेड दिला तर एका माणसाचा श्वास भागतो. १९९५ मध्ये ह्यूस्टनला नासाचा एक माणूस १५ दिवस बंद खोलीत राहिला, त्याला हवा पुरवत होता ११.२ चौरस मीटर गहू. आपल्या भाषेत १० बाय १२ ची एक खोली! तेवढा गहू, दाट पेरलेला, दिव्यांच्या उजेडात, आणि एका माणसाचा ऑक्सिजन झाला.

आता तुमच्या वर्गात पुढचा वाद लावून दे. जेवणासाठी जागा किती लागते? तर साधारण ४०-५० चौरस मीटर धरतात, म्हणजे श्वासापेक्षा साधारण चौपट. का? कारण गव्हाचं अख्खं रोप आपण खात नाही. दाणे खातो, काड आणि मुळं तशीच राहतात, आणि ती जवळजवळ निम्मी असतात. आणि इथे खरी गंमत आहे बघ, ते काड बनताना हवेतला कार्बन त्यात गेला आणि ऑक्सिजन बाहेर आला. काड तसंच कोपऱ्यात रचून ठेवलं तर तो कार्बन तिथे अडकला. माणूस फक्त दाण्यातला कार्बन श्वासातून परत देणार. म्हणजे हळूहळू ऑक्सिजन जास्त आणि कार्बन डायऑक्साइड कमी, आणि एके दिवशी गव्हालाच खायला काही नाही. त्यामुळे काड कुजवलं पाहिजे किंवा जाळलं पाहिजे, आणि तेही जेवढ्या वेगाने वाढतंय तेवढ्याच वेगाने. झाडं वाढवायला लोक शिकलेत. कुजवणं वेळापत्रकात बसवणं ही अजून अवघड गोष्ट आहे, आणि माझ्या मते सगळा प्रश्न तिथे अडलाय.

प्रश्न : अमेरिकेत काचेच्या घरात आठ माणसं दोन वर्षं कोंडून घेतली होती आणि तो प्रयोग पूर्ण फसला, तरी तुम्ही असल्या गोष्टींचं कौतुक करता. पैशाची नासाडी नाही का? (निवृत्त इंजिनिअर, लातूर)

तुमचा राग कळतो, पण फसला हा शब्द मला मान्य नाही. मी त्या प्रयोगाबद्दल जेवढं वाचलंय तेवढा तो मला जास्त आवडत गेलाय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ॲरिझोनातल्या ओरॅकलजवळ बायोस्फिअर २ नावाचं तीन एकरांहून थोडं मोठं काचघर. २६ सप्टेंबर १९९१ ला चार बायका आणि चार पुरुष आत गेले, बरोबर दोन वर्षांनी बाहेर आले. आत छोटं जंगल, छोटा समुद्र, वाळवंट आणि शेत. बकऱ्या, कोंबड्या, डुकरं. त्या दोन वर्षांत त्यांनी आपलं ८० टक्क्यांच्या वर अन्न आतच पिकवलं, केळी, रताळी, भात, बीट. रताळी इतकी खाल्ली की काहींच्या कातडीवर नारिंगी झाक आली. पोट मात्र पूर्ण भरत नव्हतं, सगळ्यांचं वजन उतरलं.

पण खरी गडबड हवेत झाली. ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून उतरत उतरत सोळा महिन्यांत १४.५ च्या आसपास आला. म्हणजे जवळपास ४,००० मीटर उंचीच्या डोंगरावर राहिल्यासारखं, तेही शेतात खुरपणी करत. जिना चढताना धाप लागायची, रात्री झोप मोडायची. शेवटी जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला.

आता तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हाला हे कोडं आवडेल. ऑक्सिजन खाल्ला कोणी? माणसांनी नाही, आठ माणसं एवढ्या जागेत कितीसा खाणार. खाल्ला मातीने. पीक चांगलं यावं म्हणून शेतातली माती कंपोस्ट घालून फार कसदार केली होती, त्या मातीतले सूक्ष्मजीव ते कुजवत सुटले आणि झाडं जेवढा ऑक्सिजन देत होती त्यापेक्षा जास्त ओढायला लागले. बरं, ऑक्सिजन गेला तर तेवढाच कार्बन डायऑक्साइड हवेत वाढायला हवा होता ना? वाढला, पण तेवढा नाही. मग तो गेला कुठे? कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या लोकांनी शोधलं, भिंतीतल्या काँक्रीटमध्ये. शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारल्यावर ती पांढरी होते, आठवतंय? तेच. ताज्या काँक्रीटमधला चुना कार्बन डायऑक्साइड धरून खडू बनत होता, दिवसरात्र, गुपचूप, आणि त्या खडूत कार्बनबरोबर ऑक्सिजनही कायमचा अडकत होता. ज्यांनी जंगल आणि समुद्राचा हिशोब मांडला त्यांच्या हिशोबात भिंत नव्हती!

हे कळायला दोन वर्षं कोंडून घ्यावंच लागलं असतं, कागदावर हे कोणालाही दिसलं नाही. पृथ्वीवर हीच चूक झाली असती तर पत्तासुद्धा लागला नसता कारण वर एवढी हवा आहे, एवढा समुद्र आहे, एखाद्या शेतात जास्त कुजलं तर कोणाला धाप लागत नाही. काचघरात तसा साठा नाही. रात्र झाली की कार्बन डायऑक्साइड वर, सूर्य उगवला की खाली, ढगाळ आठवडा आला की सगळं वर चढलेलं. हातावर पोट असलेल्या घरासारखं, एक दिवस मजुरी बुडली की त्याच संध्याकाळी चुलीवर परिणाम. चंद्रावरची वस्ती तर याच्याहून लहान असणार. तेव्हा नासाडी म्हणू नका. तिथे आधी काँक्रीटची भिंत बांधून नंतर हे शिकायला लागलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करा.

प्रश्न : आमच्याकडे पूर्वी सोनखत, म्हणजे माणसांच्या मैल्याचं खत वापरायचे, आप्पासाहेब पटवर्धनांनी तर कणकवलीच्या गोपुरीत त्याचं मोठं काम केलं. अंतराळातही तेच करणार का? आणि आमच्यासारखी जमीन क्षारपड झाली तर? (एक शेतकरी, शिरोळ)

दादा, तुमचा दुसरा प्रश्न वाचून मी खुर्चीतून उठले, कारण तो फार कमी लोक विचारतात.

आधी पहिला. होय, सोनखतच, फक्त खड्ड्यात न करता टप्प्याटप्प्याने टाक्यांमध्ये. युरोपियन स्पेस एजन्सी १९८९ पासून मेलिसा नावाचा प्रकल्प चालवतेय, त्याचा नमुना प्लांट बार्सिलोनाच्या युनिव्हर्सिटीत आहे. तळ्यात जे होतं त्याचीच नक्कल आहे ती. तळाच्या चिखलात हवेशिवाय कुजतं, वर शेवाळ वाढतं, तसंच. पहिल्या टाकीत ५५ अंशाला हवेशिवाय जगणारे बॅक्टेरिया मैला आणि भाजीचा कचरा फोडतात, आपल्या गोबरगॅससारखंच पण मिथेन होऊ न देता, कारण मिथेन झाला तर कार्बन तिथे अडकला. दुसऱ्या टाकीतले बॅक्टेरिया त्यातून निघालेली आम्लं खातात. तिसरी टाकी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, तिथे अमोनियाचं नायट्रेट होतं. चौथ्यात स्पिरुलिना हे खाण्याजोगं शेवाळ आणि पिकं. पाचवा टप्पा म्हणजे माणसं, जी परत पहिल्या टाकीला माल पुरवतात. बार्सिलोनाला माणसांच्या जागी उंदीर ठेवलेत, त्यांच्या श्वासावर स्पिरुलिना आणि स्पिरुलिनाच्या ऑक्सिजनवर उंदीर.

तिसऱ्या टाकीचं एवढं का? एका माणसाच्या लघवीतून रोज दहाबारा ग्रॅम नायट्रोजन जातो, त्यातला बहुतेक युरियाच्या रूपात. तुम्ही गोणीतून टाकता तोच युरिया. शेतात तुम्ही तो टाकता आणि पुढचं काम मातीतले बॅक्टेरिया न सांगता करून टाकतात, अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट. पाण्यावर वाढवलेल्या पिकाला माती नाही, म्हणून ते बॅक्टेरिया वेगळे पाळावे लागतात. नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही त्यांची नावं. पहिला मंदावला तर अमोनिया साचतो, दुसरा मंदावला तर नायट्राइट साचतं, दोन्ही विष. जनावरांसारखीच त्यांची निगा राखावी लागते, ताप चढला, खाणं बदललं की बिघडतात.

आता क्षार. बरोबर ओळखलंत. माणूस मीठ खातो, रोजचं आठदहा ग्रॅम धरा, आणि तेवढंच लघवीतून बाहेर टाकतो. गव्हाला, भाजीला ते मीठ नकोच असतं. मग लघवीचं पाणी पिकाला देत राहिलं की शिरोळ-वाळव्यात उसाला पाणी पाजून पाजून जे झालं तेच होणार, पांढरी पापडी. तुमच्याकडे जमिनीखाली पाइप घालून निचरा करतात, ते पाणी ओढ्यात जातं. चंद्रावर ओढा कुठला! क्रास्नोयार्स्कच्या लोकांनी त्यावर सुंदर उत्तर शोधलंय, सॅलिकॉर्निया नावाची खाऱ्या जमिनीत वाढणारी वनस्पती मधे लावायची, ती पाण्यातलं मीठ अंगात ओढून घेते, आणि मग तीच माणसांनी खायची. आपल्या खाडीकाठची मोरसची भाजी जशी मुळातच खारट लागते, तशी. म्हणजे मीठ ताटातून लघवीत, लघवीतून भाजीत, भाजीतून परत ताटात. या प्रयोगाबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

प्रश्न : मग तिथे जेवायला नक्की काय मिळणार? नुसतं शेवाळ का? (गृहिणी, ठाणे)

नाही हो, शेवाळावर माणूस फार दिवस नाही राहणार. क्लोरेलाच्या पेशीची भिंत आपल्याला पचत नाही, आणि अशा एकपेशी अन्नात न्यूक्लिक आम्लं जास्त असल्याने ते भरपूर खाल्लं तर रक्तात युरिक ॲसिड वाढतं. म्हणून ते पूरक म्हणून, रोजचं जेवण म्हणून नाही. बायोस-३ मध्ये गहू होता, भाज्या होत्या, आणि तेलासाठी आपल्या लव्हाळ्याच्या जातीतली खाली गाठी धरणारी चुफा. मांस मात्र वाळवलेलं बाहेरूनच नेलं होतं. तिथे १९७२-७३ मध्ये तीनतीन माणसं १८० दिवस राहिली. बीजिंगच्या बेइहांग युनिव्हर्सिटीत ल्यू होंग या बाईंनी उभारलेल्या लूनर पॅलेस नावाच्या बंद वसाहतीत २०१७-१८ ला आठ जणांनी आळीपाळीने ३७० दिवस काढले, तिथे प्रोटीनसाठी पिवळ्या अळ्या पाळल्या होत्या, पिकाच्या टाकाऊ भागावर वाढवलेल्या. तुम्हाला कसंसं होईल, पण अळी काय करते बघा, जे आपण खाऊ शकत नाही ते खाऊन आपल्याला खाता येईल असं करते. देठांचा प्रश्न तिनेही थोडा सोडवला. तिथे ९८ टक्के माल आतल्या आत फिरला असं ते सांगतात.

प्रश्न : चंद्राची माती वापरता येणार नाही का? (अनेक वाचक)

थोडक्यात सांगते. २०२२ मध्ये फ्लोरिडाच्या शास्त्रज्ञांनी अपोलोने आणलेल्या खऱ्या चंद्रमातीत मोहरीच्या कुळातलं एक रोपटं वाढवलं. उगवलं, पण खुरटलं. त्या भुग्यात कुजलेलं काही नाही, जिवंत काही नाही, ती खरं तर माती नव्हेच. मंगळावर त्यातच परक्लोरेट नावाचे विषारी क्षार आहेत. आणि २०१९ च्या जानेवारीत चीनच्या चांग-ए ४ यानाने चंद्रावर नेलेल्या डब्यात कापसाला कोंब फुटला, त्याचा फोटो मी जपून ठेवलाय. चंद्राची रात्र सुरू झाली आणि थंडीने तो गेला.

प्रश्न : ताई, माझ्या सातवीतल्या मुलाने बंद बरणीत छोटं तळं केलं होतं. आठ दिवसांत पाणी काळं पडलं, वास मारायला लागलं, तो खूप रडला. त्याचं काय चुकलं? (एक आई, अमरावती)

त्याला सांगा की ॲरिझोनातल्या आठ मोठ्या माणसांचं जे चुकलं तेच त्याचं चुकलं, आणि त्यांना ते कळायला दीड-दोन वर्षं लागली.

पत्रासोबत तुम्ही फोटो पाठवलात म्हणून लगेच लक्षात आलं. तळाला बोटभर शेणखत आहे, त्यावर पानं पण टाकलीत, आणि वनस्पती मात्र एकच काडी. कुजवणारे जास्त, ऑक्सिजन देणारी कमी. पहिल्या तीनचार दिवसांत पाण्यातला ऑक्सिजन संपला, मग हवेशिवाय जगणाऱ्या बॅक्टेरियांनी ताबा घेतला, काळा रंग आणि सडक्या अंड्यासारखा वास त्यांचाच.

माझ्या स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत लोणच्याची एक लिटरची बरणी आहे, झाकण मेण लावून बंद केलेलं, त्याला दोन वर्षं होऊन गेली. तळाला धुतलेली वाळू आणि ओढ्यातल्या गाळाचा एक चमचा, फक्त एक चमचा, वर हायड्रिला या पाणवनस्पतीच्या चार काड्या, ओढ्याचंच पाणी, दोन बारक्या गोगलगायी, आणि वरती चार बोटं हवा. ऊन आलं की दहाच्या सुमाराला पानांच्या कडेने टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे धरायला लागतात, एकेक सुटून वर जातो. हायड्रिलाचं खालचं पान आधी पिवळं पडतं, मग त्यावर बुरशीसारखा धूसर थर येतो, मग गोगलगाय येऊन ते खरवडत बसते, आणि दहाबारा दिवसांत त्या जागी काही राहत नाही, तोवर वर नवा शेंडा आलेला असतो. एका पावसाळ्यात सलग ढग होते तेव्हा पानं फिकी पडली आणि एक गोगलगाय मेली. दुसरी आहे.

त्याला म्हणावं, पुन्हा कर, पण या वेळी तीन बरण्या कर. एकीत गाळाचा एक चमचा, दुसरीत दोन, तिसरीत चार, बाकी सगळं सारखं. झाकणं लाव, थेट कडक उन्हात ठेवू नको, नाहीतर पाणी तापून सगळं शिजेल. रोज एकाच वेळी बघून वहीत लिही, बुडबुडे किती वाजता दिसले, पाणी किती गढूळ, खालची पानं काळी पडली की विरघळून गेली. काळं पडणं आणि विरघळणं यातला फरक नीट बघ, तेवढं बघायला मिळालं तरी पुष्कळ. तिन्ही बरण्यांची वही महिन्याने मला पाठवून द्या, पुढच्या अंकात छापते.